जुळलेल्या चुका

भिसेगाव कर्जत स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे आठवीच्या शिष्यवृत्ती सराव परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या एका बाईंशेजारी बसायला मिळालं. 75 प्रश्न, 150 गुण, दीड तास. उत्तरपत्रिकेवर नुसते काळे गोल. अक्षर नाही, खाडाखोड नाही. कॉपी ओळखायची तरी कशावरून?

बाईंनी एका बाकावरच्या दोघांच्या पत्रिका शेजारी ठेवल्या आणि बरोबर उत्तरांकडे पाहिलंच नाही. "अभ्यास केलेल्यांची बरोबर उत्तरं जुळणारच. मी चुका बघते," त्या म्हणाल्या.

चार पर्यायांत चुकीचे तीन. दोघांनीही अंदाजपंचे गोल भरले असतील, तर चुकलेल्या प्रश्नात तोच चुकीचा पर्याय येण्याची शक्यता तीनांत एक. अशा सहाच्या सहा चुका जुळण्याची 729 मध्ये एक. पण मुलं इतकी आंधळेपणानं चुकत नाहीत. साडेतीन वाजता घड्याळाच्या काट्यांमधला कोन किती? उत्तर 75 अंश. तासकाटा तीनवरून पुढे सरकलेला असतो हे विसरलेली मुलं 90 निवडतात. त्यामुळे दोघांचं 90 जुळलं तर बाई पान उलटतात. दोघांनीही 60 निवडलं, तर पेन थांबतं. आणि अख्ख्या वर्गाचीच एखादी चूक जुळली, तर? "मग मीच काहीतरी चुकीचं शिकवलं असणार!"

प्रश्नपत्रिकांचे संच वेगळे असले की काम सोपं होतं. बी संचाची पत्रिका ए संचाच्या उत्तरसूचीवर तपासायची. तिथे गुण एकदम वाढले, तर शेजाऱ्याचे गोल जसेच्या तसे उतरले, हे उघड.

पण कॉपी फक्त मुलंच करतात असं थोडंच आहे? शिकागोच्या शाळांत अर्थतज्ज्ञ ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेविट यांनी शिक्षकच उत्तरं बदलतात का, हे शोधलं. एकाच वर्गातल्या अनेक पत्रिकांत सलग सारखी उत्तरं, आणि एका वर्षी उसळून पुढच्या वर्षी कोसळणारे गुण, या त्यांच्या खुणा. 2002 मध्ये संशयित वर्गांची फेरपरीक्षा झाली आणि तिथले गुण घसरले. आपल्याकडे जानेवारी 2020 च्या शिक्षक पात्रता परीक्षेत (टीईटी) तर प्रश्न परीक्षागृहाच्या बाहेरचा होता: पैसे घेऊन गुण वाढवल्याचा आरोप झाला. राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना डिसेंबर 2021 मध्ये पुणे सायबर पोलिसांनी अटक केली, आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. शिक्षक होण्याच्या परीक्षेतच हे घडावं, याहून लाजिरवाणं काय?

म्हणून बाकावरच्या पोरांवर तुटून पडण्याआधी जरा थांबा. जुळलेल्या चुका संशय दाखवतात. कोणी कोणाचं पाहिलं, हे सांगत नाहीत. मुलाला कोरा कागद द्या, तोच कोन पुन्हा काढायला सांगा. पालकांना बोलवायचंच असेल, तर त्यानंतर बोलवा.