‘धुरानें भरलेली खोली’ : एका प्रवादाची परीक्षा

बखरींतील प्रसंग मूळ कागदांशीं ताडून पाहण्याची रीत आमच्या वाचकांच्या अंगवळणीं पडलेली आहे. तीच कसोटी परदेशच्या अर्वाचीन इतिहासास लाविली असतां काय दिसतें, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. इ. स. १९२० सालीं अमेरिकेंतील रिपब्लिकन पक्षानें वॉरन हार्डिंग यास अध्यक्षपदाचा उमेदवार नेमिलें. ही नेमणूक शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलांत कांहीं सिनेटरांनीं मध्यरात्रीं परस्पर ठरविली, असा प्रवाद रूढ आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी. त्या काळीं पक्षाच्या मतदारांची प्राथमिक निवडणूक कांहीं संस्थानांतच होई. इतरत्र प्रतिनिधि पक्षसभांतून निवडले जात. प्राथमिक निवडणुकींत सर्वांत अधिक मतें हायरम जॉन्सन यास पडलीं. हार्डिंग यास स्वतःच्या ओहायोंतहि ४८ पैकीं ३९च प्रतिनिधि लाभले. सिनेटच्या चौकशीसमितीपुढें लेनर्ड वुड याच्या पक्षाचा १७ लक्ष डॉलरांहून अधिक खर्च उघड झाला. फ्रँक लाउडेन याच्या पैशांतून मिसूरीच्या दोघां प्रतिनिधींस प्रत्येकीं २,५०० डॉलर पोंचल्याचेंहि निघालें. अधिवेशनांत ९८४ प्रतिनिधि होते. ता. ११ जून रोजीं चौथ्या फेरींत वुड यास ३१४॥, लाउडेन यास २८९ व हार्डिंग यास ६१॥ मतें पडलीं. दुसऱ्या दिवशीं दहाव्या फेरींत हार्डिंग निवडला गेला.

आतां प्रवादाचीं प्रमाणें. हार्डिंगचा कारभारी हॅरी डॉहर्टी यानें, थकलेले पंधरावीस पुढारी रात्रीं दोनच्या सुमारास बसून हार्डिंगचें नांव ठरवितील, असें भाकीत आधींच केलें होतें. परंतु भाकीत हें घटनेचें प्रमाण नव्हे. ता. १२ च्या पहांटेची असोसिएटेड प्रेसची तार अधिक मोलाची; कारण ती मतदानापूर्वींची आहे. रात्रीं खोलींत खलबत झालें व त्यांत हार्डिंगचें नांव पुढें आलें, इतकें तिच्यावरून मानावें लागतें. खोलीचा यजमान जॉर्ज हार्वे याची हकीकत मात्र मागाहूनची. आणि राजा आपणच केला असें म्हणविण्यांत सांगणाराचा मोठेपणा असतो, हें बखरी वाचणारांस सांगणें नलगे.

विरुद्ध पक्षीं दोन गोष्टी बलवत्तर आहेत. खलबतानंतरच्या पांचव्या फेरींत हार्डिंगचीं मतें अवघीं ७८ झालीं. आठव्या फेरीपर्यंत वुड व लाउडेन हेच पुढें होते. दुसरें असें कीं, त्याच दिवशीं उपाध्यक्षपदासाठीं सिनेटरांनीं अर्विन लेनरूट याचें नांव पुढें केलें असतां, सभेनें तें झुगारून कॅल्विन कूलिज यास निवडलें. खोलीची आज्ञा सभेस शिरसावंद्य असती, तर ती सायंकाळीं निष्फळ कां व्हावी?

तात्पर्य, बैठक खरी. तिची सर्वसत्ता खोटी. पुढें हार्डिंगच्या कारकीर्दींतील टीपॉट डोमच्या तेलप्रकरणानें या कथेस गडद रंग चढविला व ती दृढ झाली. आमच्या मतें या कथेचा खरा अपाय निराळाच आहे. सर्व दोष खोलीवर ठेविला म्हणजे, मतदारांचा कौल बाजूस सारण्याची मुभा ज्या व्यवस्थेनें दिली, तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. यास्तव प्रवाद टाकूनहि देऊं नये व जसाच्या तसा घेऊंहि नये. तो केव्हां लिहिला गेला व कोणाच्या लाभाचा, हें पाहून त्याचें मोल ठरवावें. संग्राहकांनीं पत्राइतकीच त्यावरील तारीखहि जपावी, ती याचसाठीं.