गिअरबॉक्सचे काम झाले, मग खाली तेल कशाचे?



गाळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या ऊसवाहतूकदार सभासदांची गाड्या दुरुस्त करून घेण्याची एकच धांदल उडते. कुणी क्लच प्लेट बदलतो, कुणी गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग घालून घेतो. गाडी गॅरेजातून घरी येते, रात्री अंगणात उभी राहते आणि सकाळी बघावे तो खाली तेलाचा डाग! मालकाच्या पोटात गोळा येतो. मिस्त्रीला विचारावे तर तो म्हणतो, “सील गेलं असंल, परत उतरवायला लागंल.” परत उतरवायचे म्हणजे आणखी दोन दिवस गाडी बंद, पुन्हा मजुरी, आणि तिकडे टोळी फडात कोयते टेकून बसलेली.

हा प्रश्न एकट्या गाडीमालकाचा नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. तो उन्हात पडून राहिला की वाळून वजन घटते आणि उताराही उतरतो. वजन घटले की काट्यावरचा तोटा ऊस पिकविणाऱ्याच्या पदरात पडतो आणि उतारा उतरला की कारखान्याच्या, म्हणजे पुन्हा आपल्याच. म्हणून हा विषय सर्वांनीच समजून घ्यावा.

मुख्य गोष्ट एकच लक्षात ठेवावयाची. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही आणि काम गिअरबॉक्सचे झाले म्हणून तेल गिअरबॉक्सचेच असते असेही नाही. पाना हातात घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. तेल कोणते? आणि सगळ्यांत वरचा ओला भाग कोणता?

तेलाची ओळख

रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि त्यावर पुढच्या चाकांची बाजू खुणेने लिहावी. सकाळी डाग बघावा, बोटाला लावून वास घ्यावा.

डिझेल गाडीचे इंजिन ऑइल थोड्याच दिवसांत काजळीने काळे पडते आणि हाताला पातळ लागते. गिअर ऑइल दाट व चिकट, मधासारखे किंवा तपकिरी असते. त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतलेला वास माणूस विसरत नाही. क्लचचे किंवा ब्रेकचे ऑइल पातळ, स्वच्छ ते पिवळसर असते. ते पाण्याने धुतले जाते आणि रंगावर पडले तर रंग सोलते. स्टिअरिंगचे ऑइल बऱ्याच गाड्यांत लाल असते. कूलंट पाण्यासारखे पातळ, रंगीत व गोडसर वासाचे असते. त्याची चव मात्र कोणी घेऊ नये, ते विषारी असते. नव्या बीएस-६ गाड्यांत एक्झॉस्टसाठी युरियाचे पाणी भरावे लागते. ते गळून वाळले की पांढरे खडे धरतात, तेलाशी त्याचा काही संबंध नाही.

एवढ्या ओळखीनेच निम्मे भांडण मिटते. एका गाडीवानाने गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची तयारी केली होती. पुठ्ठ्यावरचा डाग बघितला तर काळाकुट्ट. वर हात घालून पाहिले तेव्हा इंजिनच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग मागच्या कोपऱ्यात गेले होते. तेल इंजिनच्या पाठीवरून उतरून बेल हाउसिंगवरून ठिबकत होते. काम तासाभराचे निघाले.

आधी धुवा, मग बघा

काम करताना सांडलेले तेल चेसिसच्या आडव्या पट्टीवर, बोल्टांच्या खाचांत साठून राहते आणि दोन-तीन दिवस ठिबकत राहते. पुष्कळदा ‘गळती’ म्हणतात ती हीच. म्हणून इंजिन गार असताना इंजिनची मागची बाजू, बेल हाउसिंग व गिअरबॉक्स साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन कोरडे करावे. ब्रीदरमध्ये व वायरींच्या जोडांवर पाण्याचा जोर मारू नये. मग कोरड्या अंगावर साधी टाल्कम पावडर उडवावी, गाडी १०-१५ किलोमीटर फिरवून आणावी आणि बॅटरी लावून बघावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट दिसते. त्या वाटेने वर वर जावे. तेल खाली आणि वाऱ्याने मागे जाते, म्हणून सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला भाग हेच उगमस्थान समजावे. गळती फारच बारीक असेल तर तेलात घालून निळसर दिव्याखाली चमकणारा रंग हल्ली मिळतो, त्याचाही उपयोग होतो.

गाडीखाली जाताना हँडब्रेक ओढून चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. तेलाचा थेंब थांबविता येतो, गेलेला माणूस परत येत नाही.

आधी बिनखर्चाची कारणे

गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात. यांना पैसा जवळजवळ लागत नाही.

१. ब्रीदर. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा जाण्यासाठी छोटी वाट असते. ती मातीने किंवा रंगाने बुजली की तेल तापल्यावर आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर फेकले जाते. इंजिनच्या ब्रीदरचेही तसेच.

२. तेलाची पातळी. बहुतेक गिअरबॉक्सात सपाट जागेवर तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल असावे. “थोडं जास्त असलेलं बरं” हा समज चुकीचा. जास्तीचे तेल वाट शोधतेच.

३. खालचा ड्रेन प्लग व त्याची वॉशर. जुनीच चेपलेली वॉशर परत घातली की झिरपते.

४. वरचे व बाजूचे कव्हर. पॅकिंग वाकडे बसले असेल किंवा एखादा बोल्ट कसायचा राहिला असेल. काही बोल्टांची भोके आत तेलापर्यंत आरपार असतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावले नाही तर आट्यांवाटे तेल येते.

बेल हाउसिंगच्या तळाचे भोक

इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधल्या बेल हाउसिंगच्या तळाशी बहुधा एक भोक किंवा फट ठेवलेली असते. तिथून तेल येत असेल तर वाटा मुख्यतः दोन. पुढून इंजिनच्या क्रँकचा मागचा सील, मागून गिअरबॉक्सच्या क्लच शाफ्टचा सील किंवा त्याच्या कव्हरचे पॅकिंग. कोणते, ते रंग व वास सांगतात. काळे व पातळ असेल तर क्रँककडे, दाट व गंधकाच्या वासाचे असेल तर गिअरबॉक्सकडे बघावे. क्लचचा सिलिंडर हाउसिंगच्या आत असलेल्या गाड्यांत क्लचचे ऑइलही याच भोकातून येते. तेव्हा पेडल मऊ लागते आणि वरच्या डबीतले ऑइल उतरते. सिलिंडर बाहेर असेल तर हवा काढायचा स्क्रू व नळीचा जोड आधी बघावा, कामानंतर तोच ढिला राहिलेला असतो.

ही गळती मात्र अंगावर काढू नये. तेल क्लच प्लेटवर उडाले की प्लेट घसरते. रिकाम्या गाडीला ते कळत नाही, पण भरल्या गाडीला चढावर कळते. इंजिन ओरडते, गाडी जागची हलत नाही, आणि मागे दुसरी उसाची गाडी उभी असते. तेल प्यालेली प्लेट धुऊन भागत नाही, ती बदलावीच लागते.

मागची बाजू

गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टजवळ ओले असेल तर तो फ्लँजचा सील. जुन्या सीलने फ्लँजवर खाच पाडलेली असते. त्याच खाचेवर नवा सील बसविला तर तोही गळतो. फ्लँज नखाने चाचपून बघावी, हाताने हलवून बघावी. खेळ असेल तर दोष बेअरिंगचा किंवा ढिल्या नटाचा असतो, सील कितीही बदलले तरी टिकणार नाही.

किती गळती चालेल?

मिनिटाला एक थेंब ही गोष्ट किरकोळ वाटते. पण दिवसाचे १,४४० थेंब होतात. २० ते ३० थेंबांचा १ मिलीलिटर धरला तर दिवसाला ५० ते ७० मिलीलिटर, म्हणजे महिन्याला दीड-दोन लिटर गेले. नुसता ओलसरपणा असेल तर आठवड्याला पातळी बघून चालविता येईल. थेंब पडत असतील तर लवकर काम काढावे. धार लागली असेल, किंवा क्लच-ब्रेकचे ऑइल एक थेंबही गळत असेल, तर भरलेली गाडी रस्त्यावर आणूच नये.

मिस्त्रीशी बोलताना

“तूच बिघडवलंस” असे म्हणत जाऊ नये. पुठ्ठा घेऊन जावे आणि कोठे ओले आहे ते दाखवावे. चांगला कारागीर पुरावा बघितला की चूक मान्य करतो, आणि चूक त्याची नसेल तर आपल्यालाही ते कळते. पुढच्या वेळी काम काढताना आधीच सांगून ठेवावे, “गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचा मागचा सीलही बघा.” मजुरी तीच असते, सीलचाच काय तो खर्च. नव्या सीलच्या ओठाला तेल लावून तो सरळ बसविला आहे ना, आणि चढविताना गिअरबॉक्सचे वजन क्लच शाफ्टवर लोंबकळत ठेवले नाही ना, हे उभे राहून बघावे. काढलेले जुने सील मागून घ्यावेत.

हंगाम सुरू होण्यापूर्वी आठ दिवस तरी गाडीचे काम संपवावे आणि रोज रात्री पुठ्ठा टाकण्याची सवय लावून घ्यावी. सकाळी तो कोरडा निघाला की निर्धास्तपणे फडात जावे. आपली गाडी वेळेवर आली तर टोळीला काम, शेतकऱ्याला वजन आणि कारखान्याला ताजा ऊस मिळेल. तरी सर्व वाहतूकदार सभासदांनी याप्रमाणे खबरदारी घ्यावी, ही विनंती.