सामुदायिक नभोवाणी

एखाद्या लहान भूप्रदेशातील लोकसमूहाने स्वतःसाठी, नफ्याचा हेतू न ठेवता चालविलेले ध्वनिक्षेपण. शासकीय व व्यापारी नभोवाणीहून भिन्न असा हा तिसरा प्रकार होय. भूमिहीन, दलित, आदिवासी, स्त्रिया इ. ज्या समूहांचे म्हणणे शासनव्यवहारात सहसा ऐकले जात नाही, ते येथे केवळ श्रोते नसतात. कार्यक्रमांची निवड, निवेदन व व्यवस्थापन यांतही त्यांचा वाटा असतो. हेच या नभोवाणीचे व्यवच्छेदक लक्षण होय.

बोलिव्हियातील कथिलाच्या खाणींतील कामगारांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःची केंद्रे उभारली. त्यांचा खर्च ते मुख्यतः आपल्या वेतनातून भागवीत. लष्करी राजवटींनी ही केंद्रे वारंवार बंद पाडली. १९८० च्या लष्करी उठावाच्या वेळी त्यांनी परस्परांशी साखळी जोडून प्रतिकाराच्या वार्ता प्रक्षेपित केल्या. १९८५ नंतर अनेक शासकीय खाणी बंद झाल्या आणि आर्थिक आधार तुटल्याने बहुतेक केंद्रेही लोपली. दक्षिण आफ्रिकेत १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक व खाजगी प्रक्षेपणाबरोबरच सामुदायिक प्रक्षेपणासही स्वतंत्र स्थान दिले. नेपाळमध्ये १९९७ साली ‘रेडिओ सगरमाथा’ हे केंद्र काठमांडू येथे सुरू झाले.

भारतात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. न्या. पी. बी. सावंत यांचा या निर्णयात प्रमुख वाटा होता. केंद्र शासनाने प्रथम शिक्षणसंस्थांना अनुमती दिली आणि २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २००६ मधील धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळू लागला. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावेत, अशी अट त्यात होती. सामान्यतः १०० वॉट शक्तीच्या अशा प्रक्षेपकाचा आवाका सु. ५ ते १० किमी. असतो.

तेलंगणातील झहीराबादजवळच्या माचनूर येथील ‘संगम रेडिओ’ (२००८) दलित व अन्य गरीब शेतकरी स्त्रियांचे संघ चालवितात. परवाना मिळण्यापूर्वी अनेक वर्षे या स्त्रिया कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून संघांच्या बैठकांत ऐकवीत. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ मध्ये सुरू झाली.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींत स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांना राखीव जागा मिळाल्या. तथापि जागा मिळाली म्हणजे मत ऐकले जातेच असे नाही. ग्रामसभेत वडीलधाऱ्यांसमोर किंवा वरच्या जातीच्या मंडळींसमोर बोलण्यास कचरणारी स्त्री आपल्या बोलीत, आपल्याच माणसांपुढे मोकळेपणाने बोलू शकते. स्वस्त धान्य दुकान, रोजगार हमीची मजुरी वा पाणीपुरवठा यांविषयीची एकटीची तक्रार प्रक्षेपित होताच साऱ्या गावाची होते. अधिकाऱ्यास त्याच माध्यमातून उत्तर द्यावयास बोलाविता येते व त्याने दिलेले आश्वासन सर्वांना ठाऊक राहते. ऐकण्यासाठी अक्षरज्ञान लागत नाही व साधा संच पुरतो, हेही या माध्यमाचे बळ आहे.

मात्र या कार्यास भारतात मर्यादा आहेत. २००६ च्या धोरणाने वृत्ते, चालू घडामोडी व राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांस मनाई केली. पुढे आकाशवाणीची वार्तापत्रे मूळ स्वरूपात प्रक्षेपित करण्यास मुभा मिळाली. परंतु स्वतः वार्ता मिळवून देण्याची मिळाली नाही. त्यामुळे रखडलेल्या मजुरीची चर्चा कोठे संपते व राजकारण कोठे सुरू होते, ही शंका केंद्रचालकांस बाळगावी लागते. याउलट नेपाळमधील केंद्रे वृत्ते देत आली. फेब्रुवारी २००५ मध्ये राजाने सत्ता हाती घेऊन त्यांवर बंदी घातली, तेव्हा तिच्याविरुद्ध केंद्रांनी आंदोलन व न्यायालय हे दोन्ही मार्ग अवलंबिले.

पैशाचा प्रश्नही बिकट असतो. जाहिरातींची वेळ मर्यादित असल्याने केंद्रे बहुधा देणगीदार संस्था व शासकीय प्रसिद्धी यांवर विसंबतात. ज्या शासनास प्रश्न विचारावयाचे, त्याच्याच जाहिरातींवर केंद्र चालावे, हा पेच त्यातून उद्भवतो. शिवाय समूहांतर्गत विषमता केंद्रातही शिरू शकते. म्हणून केंद्र कोणाच्या नावे आहे यापेक्षा ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती आहे आणि विचारलेल्या प्रश्नास उत्तर मिळते की नाही, यांवरच त्याचे मोल ठरते.