दलाली कुणी भरायची?
नोकरी लावणाऱ्या एजन्सी, मीरा-भाईंदरचा बाजार आणि आपल्या गावची पोरं

भाताची झोडणी उरकली, वाल-हरभरा टाकून झाला, की आपल्याकडची तरणी पोरं शहराची वाट धरतात. मुरबाड, शहापूर, वाडा, विक्रमगड, सगळीकडं तीच तऱ्हा. पूर्वी मुकादम वीटभट्टीवर न्यायचा. आता बारावी झालेलं पोरगं भट्टीवर जायला तयार नाही, ते बरंच आहे. ते जातं मीरा रोडला, भाईंदरला. स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, नव्या इमारतींचे वॉचमन, पॅकिंग, डिलिव्हरी, कॉल सेंटर अशी कामं तिथं आहेत. १९८५ साली नगरपालिका झालेलं आणि २००२ साली महानगरपालिका झालेलं हे शहर. २०११ च्या जनगणनेत तिथं आठ लाखांवर माणूस मोजला गेला. एवढ्या गर्दीत नवख्या पोराला काम कोण दाखवणार? दाखवते ती प्लेसमेंट एजन्सी.

तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसानं यात तोंड कशाला घालायचं? सांगतो. एजंटाला दिलेली फी बहुतेक वेळा शेतातूनच जाते. कुणी भात विकतो, कुणी बोकड विकतो, कुणी पीककर्जातले चार पैसे बाजूला काढतो. मग खत उधारीवर येतं आणि त्या उधारीचं व्याज पुढच्या हंगामाला चिकटतं. म्हणून हा विषय शेतीच्या पानावरचाच आहे.

धंदा चालतो कसा

एजन्सी दोन तऱ्हेच्या असतात. पहिली माणूस शोधून देते आणि बाजूला होते. कंपनी तिला साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम देते, तीही बहुधा पोरगं तीन महिने टिकलं तरच. मधेच सोडून गेलं तर बदली माणूस फुकट द्यायचा. दुसरी तऱ्हा कंत्राटाची. माणूस एजन्सीच्या हजेरीपटावर आणि काम मात्र कंपनीत. पगार एजन्सी देते आणि कंपनीला बिल लावते.

या दुसऱ्या तऱ्हेचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. समजा, एजन्सीनं ५० माणसं पुरवली, दर माणशी पगार १५,००० रुपये. महिन्याचे झाले साडेसात लाख. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो, पण कंपनी बिलाचे पैसे दोन महिन्यांनी सोडते. म्हणजे १५ लाख रुपये एजन्सीनं आपल्या पदरचे अडकवायचे. तिला सर्व्हिस चार्ज मिळतो समजा ५ टक्के, म्हणजे महिन्याला ३७,५०० रुपये. अडकलेल्या १५ लाखांवर दीड टक्क्यानं व्याज गेलं २२,५००. हातात राहिले १५,०००. त्यात ऑफिसचं भाडं, लाइटबिल आणि फोन करणाऱ्या दोन मुलींचा पगार.

भागेल का? भागत नाही. त्यात शेजारचा एजंट ४ टक्क्यांत काम करायला तयार असतो आणि कंपनी नेहमी कमी दराची निविदा उचलते. कंपनीकडं जास्त मागायची सोय नाही, घरमालक थांबत नाही, सावकार तर मुळीच नाही. मग नजर वळते ती ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्याकडं, म्हणजे आपल्या पोराकडं. रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे, गणवेशाच्या डिपॉझिटचे मिळून दर माणशी २,००० रुपये रोख घेतले, की ५० जणांचे एक लाख झाले. सरळ धंद्यात सहा महिने जेवढं सुटत नाही, तेवढं एका दिवसात हातात!

एकदा ही चव लागली की धंद्याचा पायाच बदलतो. माणूस टिकला तर एजंटाचं नुकसान, सोडून गेला तर फायदा. नवा माणूस आला की नवी फी. चार महिन्यांनी काही ना काही कारण काढून जुन्याला घरी पाठवायचं आणि नव्याची भरती करायची. फोनवर गोड बोलणारी ती मुलगीसुद्धा कुणाच्या तरी गावचीच असते, आणि तिच्या डोक्यावर आठवड्याला इतकी माणसं भरलीच पाहिजेत असं टार्गेट असतं.

सगळेच एजंट लबाड आहेत असं मी म्हणत नाही. नेकीनं धंदा करणारे आहेत, पण अशा बाजारात त्यांचाच टिकाव लागणं अवघड जातं. दोष एकट्या एजंटाचाही नाही. स्वस्तातला वॉचमन मागणारी हाऊसिंग सोसायटी आणि बिल अडवणारी कंपनी यांचा त्यात तितकाच वाटा आहे.

अडतीचा धडा आठवा

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. वर्षानुवर्षं बाजार समितीत माल आपला, वजन दुसऱ्याचं, आणि अडत मात्र आपल्याच पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम केला. व्यापाऱ्यांनी, अडत्यांनी बंद पुकारला, पण तत्त्व पक्कं झालं. ज्याला माल हवा, त्यानं दलाली भरावी.

माणसाच्या कामाला हेच तत्त्व लावा. गरज कंपनीची, तर फीही कंपनीचीच. हे काही माझं एकट्याचं म्हणणं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९७ साली १८१ क्रमांकाचा करार केला. काही अपवाद सोडता खासगी एजन्सीनं कामगाराकडून सरळ वा आडमार्गानं कसलीही फी घेऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. भारतानं या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. पण चांगली चाल उचलायला करारावर सही व्हायची वाट कशाला बघायची?

परवान्याचा घोळ

बियाणं विकायचं तर दुकानदाराला परवाना लागतो, १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे. खताला परवाना, औषधाला परवाना. बोगस बियाणं निघालं तर तक्रार कुठं करायची हे आपल्याला ठाऊक असतं. पण राज्यातल्या राज्यात साधी नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीच्या भिंतीवर जो कागद दिसतो, तो बहुधा गुमास्ता असतो. गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद. तो काही इमानदारीचा दाखला नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा.

सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीचं वेगळं आहे. तिला २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली परवाना घ्यावाच लागतो आणि रक्षकाला ट्रेनिंग मिळालं की नाही हे बघणं एजन्सीचं काम असतं. तेव्हा वॉचमनच्या नोकरीसाठी जाणाऱ्या पोरानं आधी तो परवाना दाखवा म्हणून सांगावं.

परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी लागते. कामगाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दीड-दोन लाख मागणारा एजंट तिथंच उघडा पडतो. विनानोंदणी भरती केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. १९८३ साली दोन हजारांना काही किंमत होती. आज एका माणसाच्या फीतून ते सुटतात.

नोकरी खरी, काम खोटं

फी गेली तर एकवेळ भरून काढता येईल. त्याहून मोठा धोका आहे, आणि तो मीरा रोडनंच दाखवला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेतल्या लोकांना आयकर खात्यातून बोलतोय असं सांगून, अटकेची भीती घालून पैसे उकळले जात होते. सातशेच्या आसपास तरुण-तरुणींना ताब्यात घेऊन चौकशी झाली आणि सुमारे ७० जणांना अटक झाली. पोलिसांनी ज्याला सूत्रधार म्हटलं, तो एप्रिल २०१७ मध्ये परदेशातून परतल्यावर मुंबईत सापडला.

त्या सातशेपैकी कुणाला काय ठाऊक होतं, ते ठरवणं कोर्टाचं काम. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथं टेबल-खुर्ची होती, कॉम्प्युटर होता, एसी होता, पगारही होता. बाहेरून बघणाऱ्याला नोकरी खरीच वाटली असती. म्हणून ‘पगार किती’ एवढंच विचारून भागत नाही. ‘काम नेमकं काय, आणि हे पैसे येतात कुठून’ हेही विचारावं लागतं.

आता हे लोण सीमेपार गेलं आहे. थायलंडमध्ये कॉम्प्युटरचं काम म्हणून पोरांना नेतात, तिथून म्यानमारच्या हद्दीत ढकलतात आणि कोंडून ठेवून असेच फसवणुकीचे फोन-मेसेज करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी तिथून दोन दिवसांत आधी २८३ आणि मग २६६ माणसं परत आणली. नोकरी म्हणून गेलेला माणूस विमान पाठवून सोडवून आणावा लागतो, एवढी ही पाळी.

उचल म्हणजे गळफास

आपल्याकडं अजून एक जुनी चाल आहे, बयाणा किंवा उचल. पैसे आधी घ्यायचे आणि फिटेपर्यंत राबायचं. वसईच्या पट्ट्यात १९८२ पासून श्रमजीवी संघटनेनं याच वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं अशा वेठीचं कर्ज मुळातच रद्द ठरवलं आहे. आजचा एजंट उचल देत नाही, तो शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कशीट ठेवून घेतो. कागद बदलला, दोरी तीच.

आणि बागायतदार मंडळींनो, थोडं आपल्याकडंही बघू या. चिकूच्या तोडणीला, भाताच्या लावणीला मजूर आणताना मुकादमाची दलाली आपण वेगळी देतो, की मजुराच्या मजुरीतून कापू देतो? बाजार समितीत जे आपल्याला नको होतं, ते आपल्या बांधावरही नको.

जाण्यापूर्वी एवढं करा

१. नोकरी देतो म्हणून आधी रोख मागणाऱ्याला पैसे देऊ नका. दिलेच तर पावती घ्या. पावती नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

२. मूळ कागदपत्रं कुणाला देऊ नका. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर ‘अमुक नोकरीसाठी’ असं लिहून तारीख टाका.

३. नेमणुकीचं पत्र मागा. पगार कंपनी देणार की एजन्सी, हे त्यात लिहिलेलं पाहिजे.

४. पगारातून पीएफ, ईएसआय कापत असतील तर आपले दोन्ही नंबर मागून घ्या. नंबर देत नसतील, तर कापलेला पैसा भरला जातो की नाही याची लगेच चौकशी करा.

५. परदेशची नोकरी असेल तर एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट यादीत तपासा. टुरिस्ट व्हिसावर नोकरीला जाऊ नका.

६. जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. पहिला हेलपाटा तिथं घाला.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना एक विनंती. ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवा. कोण गेलं, कुठं गेलं, कोणत्या एजन्सीमार्फत, एजंटाचा फोन कोणता, दिले किती. गावात एजंट भरतीला आला तर त्याचे कागद आधी पंचायतीत बघा, मगच त्याला ओटा द्या. पोरगं फसलं तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हाच येतो, ‘कुणी नेलं?’ त्याचं उत्तर वहीत लिहिलेलं असलं, तर अर्धं काम झालं. आणि कुणी फसून परत आलं तर त्याला हसू नका. तो तोंड उघडेल तेव्हाच पुढचे चार वाचतील.

पोरांनी गाव सोडू नये, असं सांगायला मी बसलेलो नाही. अडीच एकर भातात चार भावांचं भागत नाही, हे आम्हीच रोज बघतो. पोरांनी जावं, चार पैसे कमवावेत. फक्त कामाला लागण्याआधीच घरचे पैसे मोजावे लागू नयेत. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि वही त्याच दिवशी सुरू करा.