एका दात्याचा फरक



नांगराला जुंपलेल्या बैलांचे पाऊल जुळले नाही, तर तास वाकडे जाते. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. क्रँक पिस्टनला वर-खाली करतो, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात, तेव्हा कॅमची एक. हे पाऊल जुळवून ठेवतो तो टायमिंग बेल्ट, म्हणजे दातांचा रबरी पट्टा. काही इंजिनांत त्याजागी साखळी असते. मारुती ८०० ला पट्टा आहे.

ठाण्याच्या कोलशेतला शेजाऱ्याच्या जुन्या मोटारीचा पट्टा आम्ही दोघांनी अंगणातच बदलला. पहाटे त्याला भाजी घेऊन बाजार गाठायचा होता. इंजिन सुरू झाले, पण थरथरू लागले; चढावर गाडी ओढेना. "साहेब, कार्बोरेटरच बिघडलाय," शेजारी म्हणाला. तो दोनदा साफ केला. पहाट टळली, भाजी अंगणात कोमेजली. शेवटी झाकण काढले तेव्हा कळले, कॅमची खूण एका दात्याने मागे! पट्टा चढवताना ओढीची बाजू सैल राहिली होती. ताण देताच खूण सरकली, आणि घाईत आम्ही ती पुन्हा पाहिलीच नाही. चूक आमची, दोष मात्र कार्बोरेटरला.

हे काम घरी करायचेच झाले, तर एवढे पाळा:

१. इंजिन थंड होऊ द्या. चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, बॅटरीची ऋण तार सोडवा.

२. जुना पट्टा काढण्याआधी क्रँक व कॅमच्या खुणा जुळवा. खुणा कोठे आहेत ते गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहा, अंदाज नको.

३. पट्टा निघाल्यावर क्रँक किंवा कॅम हलवू नका.

४. नवा पट्टा चढवताना ओढीची बाजू ताठ ठेवा, मगच टेन्शनर आवळा. पट्ट्याला तेल लागू देऊ नका.

५. स्पार्क प्लग काढून, क्रँक पान्याने नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. मध्येच अडले तर जोर लावू नका. खुणा पुन्हा तंतोतंत जुळल्या, तरच स्टार्टर मारा.

पाचवी पायरी कधीही गाळू नका. कित्येक इंजिनांत टायमिंग फार चुकले, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. पुस्तिका हाती नसेल, तर गाडी सरळ मेकॅनिककडे न्या.

आणि बाजाराच्या आदल्या रात्री असले काम काढू नका. भाजी एक दिवस शेजाऱ्याच्या टेम्पोतून गेली, तर कमीपणा नाही.