बायांचा हिशोब

मुंबईत न्यू मरीन लाइन्सला जे महिला विद्यापीठ आहे, त्याच्या नावात एक आई आहे. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव मिळालं. त्यात वावगं काही नाही, मोठ्या देणग्यांचा व्यवहार असाच चालतो. पण ज्या घरातून हे विद्यापीठ निघालं, त्या घरातल्या आईचं नाव विचारलं तर चांगले वाचणारे लोकही घुटमळतात. कुणी सांगितलंच तर म्हणतात, ‘अहो, ती हिमालयाची सावली.’

ही कामगिरी वसंत कानेटकरांची. त्यांचं ‘हिमालयाची सावली’ हे नाटक 1972 साली आलं. नानासाहेब भानू डॉ. श्रीराम लागूंनी केला, बयो शांता जोगांनी. हे विद्यापीठ काढणारे धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया, यांच्यावरून ही माणसं बेतली आहेत हे उघडच होतं. शांताबाईंची फटकळ, सोसणारी, भांडणारी बयो प्रेक्षकांच्या डोक्यात अशी बसली की मूळ बायांची चौकशी करायची कुणाला गरजच उरली नाही. नाटक चांगलंच आहे, तक्रार आहे ती नावाबद्दल. सावली स्वतः काही करत नाही. बायांनी पुष्कळ केलं, आणि त्याबद्दल स्वतःच्या तोंडानं सांगूनही ठेवलं.

बाया मूळच्या देवरूखच्या जोशांच्या गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. उमेदीची सगळी वर्षं कोकणात राबण्यात गेली. भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते, कर्वे त्यांचे स्नेही. पंडिता रमाबाईंनी मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे या गोदूबाई. पुढे सदन पुण्याला हललं. त्याच सुमारास कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. 1891 मध्ये त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली होती. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात कर्वे आणि गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

कर्व्यांच्या गावच्या, मुरूडच्या मंडळींनी लगेच सभा भरवून बहिष्काराचे ठराव केले. कर्वे गावी आले आणि आई-भावानं त्यांना घरात घेतलं, तर त्या घरावरही बहिष्कार! पुरुषाला यातून सुटायला कॉलेज होतं, सभा होत्या, पत्रव्यवहार होता. बाईला होतं ते घर. त्यात अकरा वर्षांचा सावत्र मुलगा रघुनाथ, मग 1894 मध्ये शंकर, 1899 मध्ये दिनकर, 1903 मध्ये भास्कर. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्या विधवा. कर्व्यांनी 1893 मध्येच विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली होती आणि त्या कामाचं अर्धं बिऱ्हाड त्यांच्याच घरात असे. आश्रम निघण्याआधीचा आश्रम म्हणजे बायांचं स्वयंपाकघर, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कर्व्यांचा विधवांसाठीचा अनाथ बालिकाश्रम 1896 मध्ये सुरू झाला आणि 1900 मध्ये पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी तिथे जागा दिली होती. नीट रस्ता नाही, वस्ती नाही, उभी राहिली ती एक झोपडी. पुण्यात प्लेगच्या साथी चालू. कॉलेज सुटल्यावर कर्वे पायी हिंगण्याला जात, तिथल्या मुलींना शिकवत, रात्री तिथेच झोपत आणि सकाळी चालत परत कॉलेजात येत. ही पायपीट प्रत्येक चरित्रात आहे, शाळेच्या धड्यांतसुद्धा आहे. त्या रात्री मुलांपाशी कोण होतं, हा प्रश्न चरित्रकारांना सहसा पडत नाही. उत्तर साधं आहे. बाया होत्या.

त्या हिंगण्यात का नव्हत्या? या कथेतली सर्वांत कडवट गोष्ट इथेच आहे. आश्रम विधवांना शिकवण्यासाठी होता, पुनर्विवाह लावण्यासाठी नव्हता. दोन्ही कामं एकत्र केली तर सनातनी घरांतले वडील-भाऊ मुली पाठवणार नाहीत, हे ओळखून कर्व्यांनी ती कटाक्षानं वेगळी ठेवली. धोरण म्हणून ते बरोबरच होतं, आश्रम त्यामुळेच तगला. पण त्याची किंमत घरच्याच बाईनं मोजली. पुनर्विवाहिता आश्रमात वावरताना दिसली तर लोक बिचकतील, म्हणून जिच्यावर संसार सोपवून नवरा आश्रम चालवत होता, तिनंच आश्रमापासून अंतर राखायचं.

धाकट्या बहिणीशी तुलना केली की हे फार स्पष्ट दिसतं. पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या, पदरी नारायण हा मुलगा. त्याच्या शिक्षणासाठी त्या बहिणीकडे पुण्याला आल्या, स्वतःही मोठ्या वयात शिकल्या आणि आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. गावोगाव फिरून, भाषणं करून त्यांनी वर्गणी जमवली. 1918 मध्ये तर इंग्रजी शिकायची आणि आश्रमासाठी मदत मिळवायची म्हणून त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. धाडस असं की आजही थक्क व्हावं! पण सोवळ्या घरांचे दरवाजे त्यांना उघडले, याचं एक कारण त्या पुनर्विवाह न केलेल्या विधवा होत्या हे होतं. थोरलीला तो दरवाजा बंद होता. दोघी एकाच आईबापांच्या, काम एकाच आश्रमाचं. एकीचं नाव संस्थेच्या इतिहासात ठळक, दुसरीचं ‘सौ. कर्वे’.

आता पैशाबद्दल. कर्व्यांनी आपली शिल्लक आश्रमाला दिली, आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली. त्यावरून बाया भांडल्या. त्यागमूर्तींच्या गोष्टी सांगणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण आदर्श पत्नीनं भांडायचं नसतं. माझं मत विचाराल तर त्या भांडणात बाया बरोबर होत्या. एकदा कोवळ्या वयात वैधव्यानं सगळं गमावलेली बाई उद्याचा विचार करणारच. मुलांच्या नावे काही राहावं असं तिला वाटणं यात कसला आला क्षुद्रपणा? त्या नुसत्या भांडून थांबल्या नाहीत. आपल्या पायावर उभं राहावं म्हणून नागपूरला जाऊन त्यांनी सुईणकामाचं शिक्षण घेतलं. इरावती कर्वे सून म्हणून या घरात आल्या. त्यांनी सासऱ्यांवर लिहिताना म्हटलं आहे की अशा माणसाची सून होणं हे आपलं भाग्य, आणि बायको झालो नाही हे त्याहून मोठं. घरातल्याच माणसाची ही साक्ष कानेटकरांच्या तीन अंकांपेक्षा जास्त सांगते.

मुलं काय झाली हेही हिशोबात धरायला हवं. रघुनाथ 1899 मध्ये मॅट्रिकला पहिला आला, पुढे 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढून आणि 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून त्यानं अख्ख्या समाजाची नाराजी ओढवून घेतली. शंकर डॉक्टर होऊन मोंबासाला स्थायिक झाला. दिनकर रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि फर्ग्युसनचा प्राचार्य. भास्कर हिंगण्याच्या संस्थेतच रमला. नवऱ्याचा पगार आश्रमाकडे वळत असताना ही चार मुलं अशी वाढली. हे आपोआप झालं असं समजायचं कारण नाही.

कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ 1915 मध्ये निघालं. बायांनी आपली हकिगत सांगितली ती म्हातारपणी. भास्करची पत्नी कावेरीबाई यांनी ती संपादित केली आणि 1944 मध्ये ‘माझे पुराण’ या नावानं प्रसिद्ध झाली. भाषा बोलती, कोकणी ठसक्याची, आव कसलाच नाही. 1950 मध्ये बाया गेल्या. कर्व्यांना भारतरत्न मिळालं ते 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी. हिंगण्याचं कर्वेनगर झालं, संस्था महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था झाली.

संस्थापकांच्या यादीत बायांचं नाव घालायला कुणाच्या परवानगीची गरज आहे असं मला वाटत नाही. हिंगण्याच्या संस्थेनं ते करावं, आणि ‘माझे पुराण’ विद्यार्थिनींच्या हाती सहज पडेल अशी सोय करावी. वाचकांना सांगणं एवढंच, की कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ वाचायला काढाल तेव्हा बायांचं पुस्तकही मिळवा, आणि आधी ते वाचा.