हुकमी फलंदाज देऊन पिचर घ्यावा का? – एका जुन्या सौद्याचं गणित



आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा शब्द आता पाचवीतल्या मुलालाही माहीत असतो. हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तेव्हा वर्गावर्गांत वाद झाले. पण वादात मुलं काय बोलतात ते जरा कान देऊन ऐका. ‘तो भारी आहे’, ‘नाही, हा भारी आहे’, इथेच गाडी अडते. कोण भारी, हा मुळात अर्धाच प्रश्न आहे. खरा प्रश्न असा, की आपल्या संघाकडे काय जास्त आहे, काय कमी आहे, आणि या अदलाबदलीने जमाखर्च कुठे जाऊन बसतो?

हा प्रश्न शिकवायला अमेरिकेतला बेसबॉल फार सोयीचा आहे. तिथे खेळाडूंची अदलाबदल शंभराहून अधिक वर्षं चालू आहे आणि प्रत्येक सामन्याचा हिशोब लिहून ठेवलेला आहे. आठवीच्या गुणोत्तर-प्रमाणाला जोडून हा पाठ सहज घेता येतो.

आधी खेळ थोडक्यात

बेसबॉलमध्ये बोलरच्या जागी पिचर असतो. तो चेंडू टाकतो, समोरचा फलंदाज मारतो. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन जण बाद झाले की एक डाव संपतो. मुख्य लीगमध्ये एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. चांगला फलंदाज जवळजवळ रोज मैदानात असतो. सामना सुरू करणाऱ्या पिचरला मात्र हाताला विश्रांती द्यावी लागते, म्हणून त्याची पाळी चार-पाच दिवसांनी येते.

पिचर मोजायचं मुख्य माप म्हणजे ईआरए. म्हणजे काय, तर क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून पिचरने दर नऊ डावांमागे सरासरी किती धावा दिल्या. आकडा जितका कमी तितका पिचर चांगला.

९ डिसेंबर १९६५

सिनसिनाटी रेड्स हा संघ १९६५ मध्ये ८९ सामने जिंकून चौथा आला. त्या वर्षी त्यांनी ८२५ धावा केल्या, लीगमध्ये सर्वांत जास्त. म्हणजे फलंदाजी भरपूर. पिचिंगमध्ये जिम मॅलोनी आणि सॅमी एलिस या दोघांनी प्रत्येकी किमान वीस विजय मिळवले होते, पण त्यांच्यानंतर भरवशाचं कुणी नव्हतं.

मग मालक बिल डेविट यांनी विचार केला, जे जास्त आहे ते द्यावं, जे कमी आहे ते घ्यावं. त्यांनी फ्रँक रॉबिन्सन हा आपला सर्वांत मोठा फलंदाज बाल्टिमोर ओरिओल्सला दिला. बदल्यात मिल्ट पॅपस आणि जॅक बाल्डशन हे दोन पिचर आणि डिक सिम्प्सन हा एक तरुण खेळाडू घेतला. पॅपस २६ वर्षांचा होता आणि नुकत्याच संपलेल्या मोसमात त्याचा ईआरए २.६० होता. रॉबिन्सन तीस वर्षांचा. त्याच्याबद्दल डेविट यांचं म्हणणं असं होतं, की हा काही तरुण तिशीतला नाही.

वरवर बघता यात चूक काय? घरात तांदूळ पोत्याने असेल आणि डाळ संपली असेल, तर थोडा तांदूळ देऊन डाळ आणणं हा शहाणपणाच आहे. पण किती तांदूळ देऊन किती डाळ, हे मोजायला नको का?

मोजायचं कसं?

बिल जेम्स या बेसबॉल अभ्यासकाने एक सोपं सूत्र दिलं. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्या. त्याला ‘केलेल्या धावांचा वर्ग अधिक दिलेल्या धावांचा वर्ग’ या बेरजेने भागा. जे उत्तर येईल, साधारण तेवढ्या प्रमाणात संघ सामने जिंकतो. वर्गांची बेरीज आल्यामुळे या सूत्राला पायथागोरसचं नाव पडलं, पण काटकोन त्रिकोणाशी त्याचा काही संबंध नाही. मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून आधीच सांगितलं.

आता एक कल्पित संघ घेऊ. त्याने मोसमात ८०० धावा केल्या आणि ७०० दिल्या.

८०० चा वर्ग ६,४०,०००. ७०० चा वर्ग ४,९०,०००. बेरीज ११,३०,०००. भागाकार ०.५६६. गुणिले १६२, म्हणजे सुमारे ९२ विजय.

या संघाने आपला हुकमी फलंदाज दिला. त्याच्यामुळे वर्षाला ११० धावा होत होत्या असं धरा. मग संघाच्या ११० धावा कमी होतील का? नाही! मुलं इथेच फसतात. त्याची जागा रिकामी राहत नाही, बाकावरचा दुसरा कुणीतरी तिथे खेळतो. त्याच्याकडून ५० धावा आल्या, तर तूट ६० ची. संघाच्या धावा झाल्या ७४०.

आता बरोबरी साधायला किती धावा वाचवाव्या लागतील? सूत्रात वर्ग असले तरी निकाल ठरतो तो गुणोत्तरावर. आधीचं गुणोत्तर ८ : ७. तेच टिकवायचं, तर ७४० गुणिले ७ भागिले ८, म्हणजे ६४७.५. दिलेल्या धावा ७०० वरून सुमारे ६४७ वर आणायच्या, म्हणजे ५२-५३ धावा वाचवायच्या.

एक चांगला पिचर तेवढ्या वाचवेल का? समजा, जुन्या पिचरचा ईआरए ४.५ होता आणि नव्याचा ३.० आहे. फरक दीड धावेचा, दर नऊ डावांमागे. वर्षात तो २२० डाव टाकतो. २२० भागिले ९ गुणिले १.५, म्हणजे सुमारे ३७ धावा. ५२ कुठे आणि ३७ कुठे! सूत्रात ७४० आणि ६६३ घालून बघा, ९० विजय येतात. सौदा दोन विजयांनी तोट्यात गेला.

पण थांबा. बाकावरचा बदली खेळाडू ५० ऐवजी ८० धावांचा असता तर? तूट फक्त ३० ची. संघाच्या धावा ७७०. पिचरने वाचवलेल्या धावा त्याच ३७. आता उत्तर येतं ९३ विजय. तोच फलंदाज दिला, तोच पिचर आणला, तरी सौदा एका विजयाने फायद्यात!

या पाठाचा गाभा इथे आहे. सौदा चांगला की वाईट, हे देणाऱ्या-घेणाऱ्या दोन खेळाडूंवरच ठरत नाही. मागे उरतं कोण, यावरही ठरतं. ‘आपल्याकडे फलंदाजी भरपूर आहे’ याचा खरा अर्थ, आपल्या बाकावर चांगला फलंदाज बसून आहे. नुसती एकूण बेरीज मोठी असणं म्हणजे शिल्लक असणं नव्हे. कदाचित ज्याला देतोय त्याच्यामुळेच ती बेरीज मोठी असेल.

पिचरबद्दलचे दोन गैरसमज

पहिला गैरसमज, ‘पिचर पाच दिवसांत एकदा खेळतो, म्हणून त्याची किंमत पाचवा हिस्सा.’ हे खरं नाही. २२० डाव टाकणारा पिचर वर्षात सुमारे ९०० फलंदाजांना सामोरा जातो. नियमित फलंदाजाला वर्षात खेळायला मिळतं साधारण ६५० ते ७०० वेळा. म्हणजे पिचरचं काम कमी नाही, ते मोजक्या दिवसांत दाटलेलं असतं.

दुसरा गैरसमज, ‘ईआरए हा पिचरचा स्वतःचा आकडा.’ तोही पूर्ण खरा नाही. चेंडू मारल्यावर तो अडवणारे क्षेत्ररक्षक असतात. बाल्टिमोरमध्ये पॅपसच्या मागे ब्रूक्स रॉबिन्सन आणि लुई अपारिसिओ उभे असत, दोघेही त्या काळातले नावाजलेले क्षेत्ररक्षक. मैदानही मोठं. सिनसिनाटीचं क्रॉस्ली फील्ड त्या मानाने लहान. पिचरबरोबर त्याचे क्षेत्ररक्षक आणि मैदान पार्सल करून येत नाहीत. शिवाय पिचरचा खांदा आणि कोपर यांचा भरवसा देणं अवघड असतं.

पुढे काय झालं?

१९६६ मध्ये पॅपसने १२ सामने जिंकले, ११ हरले, आणि त्याचा ईआरए ४.२९ वर गेला. रेड्सच्या धावा ८२५ वरून सातशेच्याही खाली घसरल्या. संघ ७६ विजयांसह सातवा आला. आता हे सगळं एका सौद्यामुळे झालं असं म्हणू नये. बावीस सामने जिंकणारा सॅमी एलिसही पुढच्याच वर्षी १९ सामने हरला, त्यात रॉबिन्सनचा काय संबंध? पण पिचिंगवर विसंबणं किती जोखमीचं, हे त्यातून दिसतंच.

आणि तो तिशीचा ‘म्हातारा’? बॅटिंग ॲव्हरेज ०.३१६, होम रन ४९, आणि १२२ धावा घडवून आणल्या. तिन्हींत लीगमध्ये पहिला! याला ट्रिपल क्राऊन म्हणतात. ८ मे १९६६ रोजी त्याने मारलेला एक चेंडू बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियमच्या बाहेर जाऊन पडला. त्या मैदानातून पूर्णपणे बाहेर गेलेला तो एकमेव होम रन. जिथून चेंडू बाहेर गेला तिथे पुढे झेंडा लावला गेला आणि त्यावर एकच शब्द होता, ‘इथे’. त्या वर्षी ओरिओल्सने वर्ल्ड सिरीजमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सना ४–० ने हरवलं. शेवटचा सामना १–० असा सुटला, आणि ती एक धाव रॉबिन्सनच्या होम रनची.

पण बाल्टिमोरला पॅपससारखा पिचर देणं परवडलं कसं, हेही मुलांना विचारा. त्यांच्या बाकावर जिम पामर, डेव्ह मॅकनॅली आणि वॉली बंकर हे तरुण पिचर तयार होते. वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या तीन सामन्यांत या तिघांनी मिळून डॉजर्सना एकही धाव करू दिली नाही. शिल्लक खरी कुणाकडे होती ते इथे कळतं.

याच्या उलट गोष्ट

म्हणजे स्टार देऊन पिचर घेऊच नये का? तसं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये कॅलिफोर्निया एंजल्सने जिम फ्रेगोसी हा सहा वेळा ऑल-स्टार झालेला खेळाडू न्यूयॉर्क मेट्सला दिला. बदल्यात चार जण घेतले, त्यांत २४ वर्षांचा एक पिचर होता. चेंडू वेगवान, पण दिशेचा पत्ता नाही. त्या मोसमात तो १० जिंकून १४ हरला होता. त्याचं नाव नोलन रायन. पुढच्याच वर्षी त्याने १९ सामने जिंकले आणि ३२९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. फ्रेगोसी मेट्समध्ये जेमतेम दीड मोसम टिकला.

फरक कुठे पडला? फ्रेगोसीची घसरण १९७१ मध्ये आकड्यांतच दिसत होती. रॉबिन्सनने मात्र १९६५ मध्ये ३३ होम रन मारले होते. एका ठिकाणी पुरावा होता, दुसऱ्या ठिकाणी नुसता अंदाज. आणि एवढं होऊनही एंजल्सना आपल्या गटात पहिलं यायला १९७९ उजाडलं. एक चांगला सौदा म्हणजे चांगला संघ नव्हे.

तराजूत माणूस आहे

हा पाठ नुसत्या आकड्यांवर सोडू नका. रॉबिन्सन दहा मोसम सिनसिनाटीत खेळला. ‘मला जायचं नाही’ असं म्हणायचा अधिकार त्याला नव्हता. कर्ट फ्लड या खेळाडूला १९६९ मध्ये असंच दुसऱ्या संघाला दिलं, तेव्हा त्याने नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९७२ मध्ये तो हरला. पण त्यानंतर नियम बदलू लागले. आज दहा वर्षं मुख्य लीगमध्ये आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढलेला खेळाडू सौद्याला नकार देऊ शकतो.

वयाचंही तसंच. ‘तीस म्हणजे संपला’ हे एक वाक्य होतं, मोजमाप नव्हतं. आपणही मुलांबद्दल असं बोलतोच की. ‘याला गणित जमायचं नाही’, ‘ही आता नववीत आहे, आता काय सुधारणार?’ असं बोलण्याआधी या मुलाचा गेल्या वर्षीचा आकडा काय होता आणि आपण तो बघितला का, एवढं तरी स्वतःला विचारावं.

वर्गात घ्यायला

१. वरच्या उदाहरणात बदली खेळाडू ६५ धावांचा धरा. ३७ धावा वाचवणारा पिचर पुरेल का? गुणोत्तर वापरून काढा.

२. संघ ८०० ऐवजी ६०० धावा करणारा आणि ७०० देणारा असेल, तर ६० धावांच्या तुटीची बरोबरी करायला किती धावा वाचवाव्या लागतील? मग तोच सौदा कमकुवत संघाला जड जातो की हलका?

३. दोन गट करा. एक गट रेड्सचा, एक ओरिओल्सचा. तारीख ९ डिसेंबर १९६५. पुढे काय झालं ते माहीत नाही असं समजून वाद घाला. प्रत्येकाने निदान एक आकडा दिलाच पाहिजे.

तिसरा उपक्रम जरूर करून बघा. निकाल कळल्यावर शहाणपण सांगणं सोपं असतं. कळायच्या आधी कारण देता येणं, हे शिकवायचं आहे.